राज्यावाचून राजपद

1933 सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील बँका एकामागून एक बुडत होत्या, आपली पुंजी काढून घेण्यासाठी लोक रांगा लावून उभे होते, आणि अध्यक्षपदावर नुकतेच आलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी देशातील साऱ्या बँका काही दिवस बंद ठेवण्याचा हुकूम काढला होता. 12 मार्चच्या रात्री ते रेडिओच्या ध्वनिक्षेपकापुढे बसले. बँक म्हणजे काय, आपण ठेवलेल्या पैशाचे ती काय करते, हे त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने समजावून द्यावे तसे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा काढून नेलेला पैसा घेऊन लोक परत ठेवायला आले. राज्यघटनेतील एक अक्षरही बदललेले नव्हते. परंतु अध्यक्ष आणि सामान्य नागरिक यांच्यामधले अंतर त्या रात्री कमी झाले. पुढे 1939 साली अध्यक्षांचे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले, लागोपाठ चार निवडणुका रूझवेल्टांनी जिंकल्या, आणि त्या पदाचे सामर्थ्य इतके वाढले की त्याला आवर घालण्यासाठी 1951 साली घटनेत दुरुस्ती होऊन, कोणालाही दोनांहून अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येता येणार नाही, असे ठरले.

पदामुळे माणूस मोठा होतो, असे आपण नेहमी म्हणतो. क्वचित एखादा माणूस असा येतो की त्याच्यामुळे पदाचा अर्थच पालटतो. रूझवेल्टांनी आपल्या पदात सामर्थ्य भरले, म्हणून जगाने त्यांची दखल घेतली. पण ज्या पदातले सामर्थ्य कोणी अगोदरच काढून घेतले आहे, ज्याचा नुसता सांगाडा उरला आहे, अशा पदावर बसण्याची वेळ आली तर माणसाने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मराठी इतिहासात आहे. ते मात्र महाराष्ट्रात सापडत नाही. त्यासाठी कावेरीच्या काठी, तंजावरला जावे लागते. ते उत्तर म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज.

तंजावरची मराठी गादी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात स्थापन केली. त्या गादीवरील तुळजाजीराजे यांना औरस संतती राहिली नाही, म्हणून 1787 साली मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे सरफोजी. त्यांचा जन्म 1777 चा; म्हणजे दत्तविधानाच्या वेळी वय अवघे नऊ वर्षांचे. तुळजाजींच्या पश्चात त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. कंपनी सरकारने पंडितांचे मत घेतले आणि दत्तविधान अशास्त्रीय ठरून अमरसिंह राजे झाले. काही वर्षांनी कंपनीने पुन्हा पंडितांचे मत घेतले, तेव्हा तेच दत्तविधान सशास्त्र ठरले! शास्त्र तेच होते, मुलगाही तोच होता. मधल्या काळात कंपनीचे मन तेवढे बदलले होते. हे मन वळविण्यात ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचा वाटा मोठा होता. तुळजाजींनी या मुलाचा सांभाळ त्यांच्यावर सोपविला होता. अमरसिंहांच्या अमलात मुलाला नजरकैदेसारखे ठेवले जाते व त्याच्या शिक्षणाची हेळसांड होते, अशी तक्रार श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे केली. 1793 च्या सुमारास सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. इंग्रजी, गणित, भूगोल, निसर्गविज्ञान अशा विषयांची गोडी त्यांना या काळात लागली. श्वार्ट्झ मिशनरी खरे, परंतु शिष्याने आपला धर्म सोडला नाही आणि गुरूवरील प्रेमही सोडले नाही. गुरूच्या मृत्यूनंतर महाराजांनी फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते.

1798 च्या जून महिन्यात कंपनीने अमरसिंहांना पदच्युत करून सरफोजींना गादीवर बसविले. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते. गादी ज्याच्या हातून मिळते त्याचा हात नंतर मागण्यासाठी पुढे येतोच. 25 ऑक्टोबर 1799 रोजी तह झाला. त्या तहान्वये तंजावरच्या सुपीक मुलखाचा सारा राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा परिसर राहिला. दरसाल एक लक्ष होन आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक बांधून मिळाली. फौज नाही, न्याय नाही, वसूल नाही. राजा होता, पण राज्य नव्हते.

हे 1799 साल दक्षिणेच्या इतिहासात फार बोलके आहे. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या तटावर टिपू सुलतान लढता लढता पडला. तंजावरचा तह होण्याच्या अवघे नऊ दिवस आधी, 16 ऑक्टोबरला, पांचालंकुरिचीचा पाळेगार कट्टबोम्मन याला इंग्रजांनी कयत्तार येथे फासावर चढविले. अशा वेळी सरफोजींनी सही केली. वीरवृत्तीच्या तराजूत घातले तर त्यांचे पारडे हलके ठरेल, हे उघड आहे. त्याचा विचार आपण पुढे करूच. आधी पाहावयाचे ते हे की, सही केल्यावर त्यांनी मागितले काय?

त्यांनी मागितली छत्रे. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रामार्गावर तंजावरच्या राजांनी अन्नछत्रे आणि धर्मशाळा बांधल्या होत्या. बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे होती आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिलेली होती. मुलूख कंपनीकडे गेला तसा या छत्रांच्या उत्पन्नावरही घाला पडेल, अशी भीती महाराजांना वाटू लागली. 1801 साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. ते मुळातून वाचण्याजोगे आहे. छत्रात येणाऱ्या वाटसरूची जात विचारली जात नाही. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, सर्वांना शिजविलेला भात मिळतो, आणि ज्यांना शिजविलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो, असे त्यात सांगितले आहे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास जेवायला यावे, अशी हाक दिली जाते. आजाऱ्याला औषध आणि पथ्याचे अन्न मिळते. वैद्य नेमलेले आहेत, सर्पदंशावर उपचार करणारे आहेत. गरोदर स्त्रियांची देखभाल होते, तान्ह्या मुलांना दूध मिळते, पोरक्या मुलांना सांभाळून शिकविले जाते. आणि वाटेतच कोणी दगावला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होतात. हे सारे सांगून महाराजांनी विनविले आहे की ही छत्रे माझ्याकडे राहू द्या. तंजावरची कीर्ती दानधर्मासाठी आहे, ती गेली तर राजपद ठेवून काय उपयोग, असा त्या पत्राचा एकंदर सूर आहे.

मला या पत्रात एका नव्या राजपदाचा जन्म दिसतो. तोवर अन्नछत्र हे राजाच्या वैभवाचे एक अंग होते. आधी राज्य, मग पुण्य. सरफोजींच्या वाट्याला राज्याची बाजू उरलीच नव्हती. तेव्हा जे अंग होते तेच त्यांनी शरीर केले. रयतेकडून सारा घेण्याचा आणि गुन्हेगाराला शासन करण्याचा अधिकार गेला. पण उपाशी माणसाला जेवू घालण्याचा, रोग्याला बरे करण्याचा, मुलाला शहाणे करण्याचा अधिकार कोणत्या तहाने जातो? हा अधिकार त्यांनी हक्काने मागितला, आणि पुढची तीस वर्षे तो नेटाने बजावला.

ओरत्तनाड येथे त्यांनी स्वतः मुक्तांबाळ छत्र उभारले. राजवाड्याच्या आश्रयाने ‘नवविद्याकलानिधिशाला’ निघाली. नावातच तिचा हेतू आहे: विद्या जुनीही हवी आणि नवीही हवी. तेथे संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीला फार्सी आणि इंग्रजी शिकविली जाई. 1805 च्या सुमारास याच नावाचा छापखाना निघाला आणि त्यात देवनागरी खिळे जुळविले जाऊ लागले. इसापाच्या गोष्टींचे सख्खण पंडितांनी केलेले मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने 1806 साली तेथे छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली ती त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. पुण्यात तेव्हा पेशवाई नांदत होती आणि पोथ्या हातानेच लिहिल्या जात होत्या. मुलांसाठी मराठी गोष्टींचे पुस्तक छापावे, ही कल्पना ज्याच्या हाती राज्य होते त्याला सुचली नाही. ज्याचे राज्य गेले होते त्याला सुचली.

भूगोल हा महाराजांचा आवडीचा विषय. तो लोकांच्या गळी कसा उतरवावा? तमिळ देशात ‘कुरवंजी’ नावाचा नृत्यनाट्याचा प्रकार लोकप्रिय आहे. डोंगरातील भविष्य सांगणारी कुरवंजी येते आणि नायिकेचा हात पाहून तिला तिच्या प्रियकराची वार्ता सांगते. महाराजांनी मराठीत ‘देवेंद्र कोरवंजी’ रचली. तिच्यातली कोरवंजी हात पाहता पाहता पृथ्वीचा आकार, खंडे आणि देश गाण्यांतून सांगू लागते. भाषा मराठी, घाट तमिळ आणि ज्ञान युरोपातले! तीन प्रवाहांचा असा संगम त्या काळी दुसरीकडे झालेला मला तरी ठाऊक नाही.

वैद्यकाची कथाही अशीच आहे. ‘धन्वंतरी महाल’ या नावाने त्यांनी एक औषधशाळा चालविली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. औषध तयार व्हावे, रोग्यांना देऊन त्याचा गुण पाहावा, आणि गुणकारी ठरलेले योग नोंदून ठेवावेत, अशी पद्धत होती. त्या योगांवर तमिळ कवींनी पद्यग्रंथ रचले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. नेत्ररोगांच्या नोंदी तर विस्मयकारक आहेत. रोग्याचे नाव, लक्षणे, केलेला उपचार, आणि सोबत त्याच्या डोळ्याचे चित्रकाराने काढलेले रंगीत चित्र. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या नोंदीही त्यात आहेत. दरबारी चित्रकाराने राजाचे चित्र काढावे, ही जुनी रीत. त्याच चित्रकाराची कुंचली एखाद्या गरीब रोग्याच्या डोळ्यावर खिळली, यात राजपदाचे केंद्र कोठून कोठे सरकले ते दिसते.

आणि या साऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे सरस्वती महाल. या ग्रंथसंग्रहाचे मूळ नायक राजांच्या काळात आहे. मराठी राजांनी तो वाढविला. परंतु त्याला आजचे रूप दिले ते सरफोजींनी. 1820 ते 1822 या काळात सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेस गेले. यात्रेचे पुण्य घेऊन सारेच येतात. महाराज हस्तलिखितेही घेऊन आले, आणि जे विकत मिळाले नाही त्याच्या नकला करवून घेतल्या. युरोपातून मागविलेल्या हजारो छापील पुस्तकांवर त्यांनी स्वहस्ताने इंग्रजीत सह्या केल्या आहेत. कलकत्त्याचे बिशप हेबर 1826 साली तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांच्याविषयी सहजपणे बोलणारा हा राजा पाहून ते चकित झाले, आणि आपण पाहिलेल्या राजेरजवाड्यांत इतके राजस वर्तन क्वचितच आढळले, असे त्यांनी लिहून ठेवले.

येथवर ऐकल्यावर कोणी श्रोता विचारील, की हे चित्र एकतर्फी नाही काय? आक्षेप रास्त आहे. तंजावरच्या दक्षिणेस, समुद्रकिनाऱ्यावर, पट्टुक्कोट्टैजवळ ‘मनोरा’ नावाचा आठ मजली बुरूज आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या आनंदाप्रीत्यर्थ सरफोजींनी तो बांधविला. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या विजयाचा स्तंभ आपणच उभारावा, याहून पराधीनतेची दुसरी खूण कोणती? शिवाय छत्रे, शाळा, औषधशाळा यांवर खर्च होणारा पैसा येत होता कोठून? कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याकडून कंपनीचे कलेक्टर जो सारा वसूल करीत, त्याच्याच पाचव्या हिश्श्यातून. चार हिस्से घेणाऱ्याने काय केले, हे विचारण्याची सोय महाराजांना राहिली नव्हती, आणि त्यांनी ते विचारल्याचे दिसतही नाही. राजाश्रयाची थोरवी सर्वांनाच मान्य होती असेही नाही. जवळच तिरुवैयारू येथे राहणाऱ्या त्यागराजस्वामींनी दरबाराचे निमंत्रण नाकारले, अशी आख्यायिका दक्षिणेत घरोघर सांगतात.

हे सारे खरे मानूनही एक गोष्ट उरते. पराधीनता सरफोजींनी निवडलेली नव्हती. ती त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांत आली होती. निवड होती ती नेमणुकीच्या पैशाचे काय करावे एवढीच. त्या काळी मांडलिक राजांपैकी कित्येकांनी ती नाचरंगात आणि शिकारीत उडविली. तह झाल्यानंतर चार वर्षांनी, 1803 साली, सरफोजींनी राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने तो ओळखला जातो. शेकडो वर्षांच्या चोळ शिलालेखांच्या शेजारी ती देवनागरी अक्षरे वाचीत उभे राहिले, म्हणजे मनात येते, की ज्याला नवा इतिहास घडविण्याचे साधन उरले नव्हते त्याने घडलेला इतिहास तरी पुसू द्यायचा नाही असा निर्धार केला होता.

1832 साली महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 साली पुत्रहीन वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राजवाड्यास पहारे बसले, खासगीची चीजवस्तूही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी दावा लावला. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. परंतु 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, ही राज्यकृती आहे, तिचा न्याय करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही, असे म्हणून तो फिरविला. पुढे 1862 साली सरकारने मेहेरबानी म्हणून मालमत्ता राण्यांना परत दिली.

आता हिशेब पाहू. नवविद्याकलानिधिशाला राहिली नाही, छापखाना राहिला नाही, धन्वंतरी महालात औषधे कुटण्याचा आवाज थांबला. या साऱ्या संस्था राजाच्या इच्छेवर आणि राजाच्या थैलीवर उभ्या होत्या. दोन्ही गेल्यावर त्या उभ्या राहणार कशा? वाचला तो ग्रंथसंग्रह. तो आपोआप मात्र वाचला नाही. बर्नेल नावाच्या तंजावरच्या इंग्रज न्यायाधीशाने त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची करून 1880 साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला कळले की येथे काय ठेवा आहे. 1918 साली तो राजवाड्याच्या मालकीतून निघून सार्वजनिक झाला. 1983 साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. जे लोकांच्या स्वाधीन झाले ते टिकले. जे राजाच्या मुठीत राहिले ते मुठीबरोबर गेले.

रूझवेल्टांनाही ही गोष्ट उमगली होती. अध्यक्षांचे कागदपत्र तोवर त्यांची खासगी मालमत्ता समजले जात आणि त्यांच्या पश्चात त्यांची पांगापांग होई. रूझवेल्टांनी आपले कागद राष्ट्राला दिले, आणि 1941 साली हाइड पार्क येथील आपल्या घराजवळ त्यांच्यासाठी ग्रंथालय उघडले. सामर्थ्याच्या शिखरावर असलेला एक अध्यक्ष आणि सामर्थ्य गमावलेला एक राजा, दोघेही अखेरीस ग्रंथालयाच्याच दाराशी येऊन पोहोचले. फरक इतकाच की, रूझवेल्टांच्या मागे त्यांचे पद चालविणारे राष्ट्र होते. सरफोजींच्या मागे कोणी नव्हते. त्यांच्या मागे आहोत ते आपण.

सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे. तंजावर दरबाराचे मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. छत्रांत किती जण जेवले, वैद्याला काय दिले, कोणते पुस्तक आले, याचा बारीकसारीक तपशील त्यांत आहे. ते वाचावयाचे तर मोडी यावी लागते, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. तमिळ देशातील अभ्यासकांनी हे काम आपले मानून पुष्कळ पुढे नेले आहे. ज्या राजाने राज्य गेल्यावर मराठी अक्षर दगडावर कोरले आणि कागदावर छापले, त्याची अक्षरे वाचणारा मराठी माणूस मिळू नये, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पुढच्या वेळी रामेश्वरास जाताना वाटेत तंजावरला उतरावे. देवळाची भिंत वाचावी, ग्रंथालयात तासभर बसावे. आणि घरात एखादा शिकता मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिच्या हाती मोडीचा कित्ता द्यावा. सरफोजी महाराजांनी मध्यरात्री वाजविलेली छत्रातील ती घंटा, कोणी उपाशी राहिले आहे काय, असे अजून विचारीत आहे.